मधलं अर्धुक

१

दात तुटला होता, केकवर बुरशी आली होती आणि खापर फोडायला एक बाई आयती सापडली होती. मला बोलावलं तेव्हा सगळ्यांच्या लेखी प्रकरण मिटलेलंच होतं. उरली होती फक्त माझी सही.

मी मालाची तपासणी करणाऱ्या ऑफिसात काम करते. विकणारा म्हणतो माल चोख होता, घेणारा म्हणतो भिकार होता, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघेनासे झाले की मला पाठवतात. ऑफिसात माझ्यामागे मला 'चाळणी' म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. माणसाला कुणीतरी काहीतरी म्हणत असलेलं बरं. घरी तर मला हाक मारणारंच कुणी नाही.

अक्रोडाच्या कारखान्यातल्या सुपरवायझरने टेबलावर प्लास्टिकची एक पुडी ठेवली. आत अंगठ्याच्या नखाएवढा टरफलाचा तुकडा होता.

"एका रिटायर्ड शिक्षिकेच्या दाताखाली आला," तो म्हणाला. "बेकरीतून अक्रोडाचा केक नेला होता त्यांनी. दाढेचा टवकाच उडाला. वर त्याच बेकरीचे आणखी चार-पाच केक बुरशी येऊन परत आले. अक्रोड आमच्याकडून गेलेले, म्हणून बेकरीवाला आमच्या नावाने शंख करतोय."

"आणि तुमचं काय म्हणणं?"

"आमच्याकडे खोकं बंद करताना त्यावर निवडणाऱ्या बाईचा शिक्का मारतात. या खोक्यावर मावशीचा शिक्का आहे. वय झालंय, नजर गेलीय. सोमवारपासून तिला घरी बसवणार. तुम्ही फक्त लिहून द्या की टरफल इथून गेलं."

त्याच्या पाठीमागे भिंतीवर एका यंत्राचं चित्र लावलं होतं. कॅमेऱ्याने माल निवडणारं यंत्र, अजून न आलेलं. लोक मुलांच्या लग्नाचे फोटो लावतात तितक्या कौतुकाने त्याने ते लावलं होतं.

मी पुडी खिडकीपाशी नेली आणि तुकडा उजेडात धरला. एका बाजूने तो वेडावाकडा तुटला होता. दुसरी कड मात्र गुळगुळीत होती, आणि तिच्या टोकाला एक बारीक खाच होती.

"सही सोमवारी मिळेल," मी म्हणाले. "आधी मला मावशींना भेटायचंय."

त्याचा चेहरा पडला. मला उगाचच बरं वाटलं.

२

कारखान्यात अक्रोड पोत्यांनी येतात आणि आधी एका लांबलचक लोखंडी ड्रममधून गडगडत जातात. ड्रमला गोल भोकं असतात, सुरुवातीला लहान, पुढे मोठी होत गेलेली. ज्या भोकातून अक्रोड खाली पडला ते त्याचं माप. कुठल्याच भोकातून न पडता जो शेवटपर्यंत पोचतो तो जम्बो. जम्बो इथे कधीच फोडत नाहीत. तो टरफलासकट दुकानात जातो, कारण गिऱ्हाईकाला मोठा अक्रोड हातात घेऊन बघायला आवडतो.

फोडायच्या यंत्रात जातात ते मधले आणि लहान. तिथे लोखंडी जबड्यांत सापडून टरफलाच्या ठिकऱ्या उडतात. मग जाळ्या हलतात, हवेचा झोत टरफलं उडवून नेतो आणि गर पट्ट्यावरून पुढे सरकतो. न मोडता सुटलेल्या अर्ध्या गराला इथे अर्धुक म्हणतात. फिकट रंगाची अर्धुकं सगळ्यांत वरच्या प्रतीची, ती केकच्या माथ्यावर मिरवतात. मोडके तुकडे पिठात जातात, चुरा सारणात जातो, आणि तपकिरी पडलेल्या मालाचं तेल काढतात. हे सगळं शेवटी माणसाच्या नजरेनेच वेगळं होतं.

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना स्टुलांची रांग होती. बसलेली एकच बाई होती, अगदी टोकाला. बाकीच्या स्टुलांवर धूळ होती.

"सहीवाल्या त्या तुम्हीच का?" मावशींनी हात न थांबवता विचारलं.

"हो. पण सही अजून केलेली नाही."

"करून टाका. माझं काय, एकटा जीव."

"ते टरफल पाहिलंत तुम्ही?"

"मला कोण दाखवतंय? मला निकाल सांगितला फक्त."

मी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बटण दाबून पट्टा थांबवला. तिकडे काचेच्या केबिनमध्ये सुपरवायझरची मान लगेच वर आली. मावशींनी तुकडा तळव्यावर घेतला, गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं आणि पुडी परत दिली.

"हे माझ्या पट्ट्यावरचं नाही."

"कशावरून म्हणता?"

"कशावरून ते तुम्ही शोधा. त्याचा पगार तुम्हाला मिळतो."

ही बाई मला आवडली. मी त्यांच्या शेजारचं स्टूल रुमालाने पुसलं आणि बसले.

"घरी बसवलं तर काय कराल, मावशी?"

"घरी बसेन."

"घरी कोण असतं?"

"रेडिओ." त्यांनी पट्टा पुन्हा सुरू केला आणि आवाज जरा चढवला. "तुम्हाला सांगते ताई, पोटापुरतं आहे माझ्याकडे. त्याची काळजी नाही. पण इथे ही खडखड असते दिवसभर. मला तिची सवय आहे. घरी इतकी शांतता असते की आपण चावलेला घास आपल्यालाच ऐकू येतो."

माझ्या घरीही तो ऐकू येतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी फक्त त्यांच्याकडून मापाच्या कड्या मागून घेतल्या. साखळीत ओवलेल्या पितळी कड्या असतात त्या. ड्रमची भोकं झिजून मोठी तर झाली नाहीत ना, हे त्या कड्यांनी तपासतात.

बाहेर येऊन मी बेकरीच्या मालकाला फोन केला आणि परत आलेले केक अजून आहेत का, असं विचारलं.

"आहेत की, फ्रीजमध्ये ठेवलेत," तो म्हणाला. "पण मॅडम, एक विचित्रच आहे. बुरशी सगळ्या केकवर एकाच जागी आलीय."

३

त्याचं म्हणणं खरं होतं. गोल केक, कडेने अर्धुकांची ओळ आणि बरोबर मधोमध एक अर्धुक. हिरवट बुरशी होती ती मधल्याभोवती. कडेची ओळ जशीच्या तशी कोरडी होती.

"बघा, यांचा मालच सडका," मालक म्हणाला.

"मग कडेची अर्धुकं का नाही सडली? तीही त्यांचीच ना?"

मालक केककडे बघत राहिला. आपल्याच दुकानातला केक इतका वेळ तो पहिल्यांदाच बघत असावा. त्याचं सगळं लक्ष बाहेरच्या काउंटरवर असे. तिथे काचेवर याच केकचा मोठा फोटो डकवला होता, कडेने अर्धुकांची ओळ आणि मधे साखरेच्या पाकाची नितळ चकाकी.

माल कुठे ठेवता ते दाखवायला स्टोअरकीपर आला. उंच, लगबग्या माणूस होता. तो मला एकेक फडताळ दाखवत होता, पण एका कोपऱ्यापुढून काही केल्या हलत नव्हता.

"तुमच्या मागे काय आहे?"

"काही नाही मॅडम, रिकामी खोकी."

रिकाम्या खोक्यांपुढे एवढं अंग चोरून कुणी उभं राहत नाही. मी त्याला बाजूला सारलं. शिक्का नसलेलं एक खोकं होतं आणि आत तपकिरी, कडसर वासाचा अक्रोडाचा चुरा होता.

त्याने हातच जोडले. "मालकांना सांगू नका. सारणात दळून घालतो थोडा. दळल्यावर कुणाला कळतंय?"

"मला कळलं की."

लबाड सापडला होता. तरी मला समाधान वाटेना. चुरा दळून सारणात लपवता येतो, पण चुऱ्यातून अर्धुक जन्माला येत नाही.

शेवटी भट्टीकडे गेले. भट्टी म्हणायची पद्धत, एरवी ती विजेवर चालणारी चकचकीत स्टीलची कपाटं होती. त्यांच्या दारात मला माझाच दमलेला चेहरा दिसला. तिथले मुख्य कारागीर म्हणजे काका. डोकं पांढरं, अ‍ॅप्रन पांढरा, हात पिठाने पांढरे. बोटांची टोकं तेवढी काळी होती, अगदी मधल्या पेरापर्यंत.

मी बोटांकडे बघतेय हे त्यांना कळलं. "भट्टीचं काळं," ते म्हणाले. "जन्म गेला यात. आता निघायचं नाही."

"केकवरची अर्धुकं कोण मांडतं?"

"मीच. खोक्याचं झाकणही मीच लावतो. शेवटची नजर माझी." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "त्या शिक्षिकाबाई बऱ्या आहेत ना आता?"

तिथे मला तेवढं एकाच माणसाने विचारलं होतं.

"मी अजून भेटले नाही त्यांना. तुमच्या घरी कोण कोण असतं, काका?"

"बायको होती. थंडी सरता सरता गेली." आणि ते पीठ मळायला लागले.

त्याच खेपेचा न विकलेला एक केक फ्रीजमध्ये होता, त्याच्यावर अजून बुरशी चढली नव्हती. तो मी मागून घेतला. गाडीत बसून सुरीच्या टोकाने मधलं अर्धुक उचललं. रंगाने ते कडेच्यांपेक्षा फिकट होतं, जवळजवळ दुधी. नीट वाळलेला गर मोडताना कट्‌ असा आवाज येतो. मी ते दोन बोटांत धरून दाबलं.

ते मोडलं नाही. नुसतं वाकलं.

४

शिक्षिकाबाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. गाल सुजलेला, बोलणं मात्र स्पष्ट. माझ्यासाठी त्यांनी कपाटातून दुसरा कप काढला आणि तो आधी धुऊन घेतला.

"माझा वाढदिवस होता," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी अख्खा केक आणला. हसाल तुम्ही."

"मी अर्धा आणते. त्यातलाही अर्धा फुकट जातो."

त्या हसल्या, मग गाल धरून थांबल्या. "मुलीचा फोन येणार होता. तोवर थांबू म्हटलं. ती कामात अडकली. मग कापला."

"टरफल कुठल्या घासात आलं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? मधल्या. आपला चांगला घास शेवटी ठेवायचा, ही माझी खोड. दोन दिवस मी कडेकडेने खाल्ला आणि मधलं अर्धुक राखून ठेवलं होतं."

"टरफल त्याच्या पोटाला चिकटलेलं होतं?"

"खालच्या बाजूने, हो. वरून काहीच दिसत नव्हतं." त्या जरा घुटमळल्या. "एक सांगू? तुमच्या कामाचं नाहीये. दाढ मोडायच्या आधी तो घास इतका गोड लागला! कडूपणा नावाला नव्हता. दुधासारखा. कितीतरी वर्षांत असं काही खाल्लं नव्हतं मी. मग एकदम कळ आली आणि सगळं थुंकावं लागलं. रडले मी तेव्हा. दाढेसाठी की घासासाठी, मला अजून ठरवता आलेलं नाही."

मी वही मिटली होती.

"हे लिहू नका बरं का," त्या म्हणाल्या.

"हे लिहायला आमच्या कागदावर जागाच नसते."

खाली येताना जिन्यात मी थांबले. गोड, दुधासारखा आणि कडू नाही. अक्रोड असा लागतो ते वर्षातले मोजकेच दिवस, आणि तसा अक्रोड कुठल्याच कारखान्यात मिळत नाही.

५

माझ्या जेवणाच्या टेबलाला एकच खुर्ची आहे. बाकीच्या मी कधीतरी देऊन टाकल्या, धूळ पुसायचा कंटाळा येतो म्हणून. त्या टेबलावर मी पितळी कड्या मांडल्या आणि केकवरची अर्धुकं एकेक करून त्यातून टाकून बघितली.

कडेची सगळी मधल्या कडीतून सहज खाली पडली. मधलं अर्धुक सगळ्यांत मोठ्या कडीत जेमतेम मावलं, तेही अंगावर टरफल नसताना. टरफलासकट तो अक्रोड म्हणजे जम्बो. आणि जम्बो कारखान्यात फुटतच नाही. मावशींच्या पट्ट्यावर असलं अर्धुक यायला वाटच नव्हती.

टरफलाची ती गुळगुळीत कडही आता कळली. अक्रोडाच्या दोन वाट्या जिथे जुळतात त्या शिवणीची ती कड. यंत्र शिवण बघत नाही, जिथे सापडेल तिथे चिरडतं. शिवणीवर अक्रोड उघडतो तो माणूस, बुडाशी सुरीचं टोक खुपसून. बारीक खाच होती ती सुरीची.

उरलं वाकणं. कारखान्यातला माल गेल्या मोसमाचा, शीतगृहातून काढलेला आणि खडखडीत वाळलेला. नवा मोसम बागांमध्ये नुकता कुठे उतरतोय, तो वाळून पोत्यात भरायला अजून अवकाश आहे. मधलं अर्धुक मात्र याच मोसमातलं, झाडावरून उतरवलेलं ओलं होतं. ओलं होतं म्हणून गोड लागलं आणि ओलं होतं म्हणूनच बुरशी आली.

म्हणजे कुणाच्या तरी दारात झाड होतं. पण कुणाच्या? मी स्टोअरकीपरवर पुष्कळ वेळ घालवला. त्याने चांगली अर्धुकं काढून नेली असतील आणि जागा भरायला कुठून तरी ओली आणून ठेवली असतील, असं म्हणून बघितलं. पण मग ती मधे एकच का? आणि एवढी टपोरी का? भरपाई करणारा माणूस हलकं काहीतरी ठेवतो, सगळ्यांत देखणं ठेवत नाही.

रविवारी सकाळी मी पुन्हा बेकरीत गेले. काउंटरवरच्या फोटोसमोर उभी राहिले आणि माझी मलाच लाज वाटली. उत्तर काचेवर चिकटवलेलं होतं.

"तुमच्या केकवर मधे काय असतं?" मी मालकाला विचारलं.

"मधे? मधे काही नसतं. कडेने तेवढी ओळ. आधीपासून तसंच."

कुणी काय काढून घेतलं ते मी शोधत होते. इथे कुणी काही काढलंच नव्हतं. कुणीतरी भर घातली होती. एकेका केकवर एकच अर्धुक, सगळ्यांत चांगलं, अगदी मधोमध, आणि वरून झाकण.

ओल्या अक्रोडावर हिरवी साल असते. ती सोलणाऱ्याची बोटं अशी काळी होतात की साबणाने, लिंबाने, कशानेच निघत नाहीत. आणि विजेच्या भट्टीने कुणाची बोटं काळी होत नाहीत.

"काका आज येणार का?" मी विचारलं.

"रविवारी त्यांना सुट्टी," मालक म्हणाला. "का हो?"

मी पत्ता लिहून घेतला आणि त्याला काहीच सांगितलं नाही.

६

झाड घरापेक्षा उंच होतं. फाटक उघडून आत जाईपर्यंत शेडच्या पत्र्यावर दोन अक्रोड धाडकन पडले. अंगणात काळ्या पडलेल्या सालींचा ढीग होता. दार उघडंच होतं. आत बादल्या, पातेली, कपडे धुवायचा टब, जुनी सूटकेस, सगळं अक्रोडांनी भरलेलं होतं.

काका खुर्चीत बसून सुरीने अक्रोड उघडत होते. मला बघून उठले नाहीत.

"या," ते म्हणाले. "उद्या-परवा याल असं वाटलं होतं."

"काका, ते मधलं अर्धुक तुमचं."

"तिचं," ते म्हणाले. "झाड तिने लावलेलं. मी तिला म्हणालो होतो, सावलीने घर अंधारं होईल. झालंही."

मी एका बादलीवर फळी टाकून बसले.

"दर वर्षी सगळं तीच करायची," ते सांगू लागले. "वेचायची, सोलायची, मग पिशव्या भरून गल्लीभर वाटायची. एकेका दारात तासभर गप्पा. या वर्षी झाड नेहमीपेक्षा जास्त लागलं, बघा. पत्र्यावर पडतात, मला झोप लागत नाही. दोन पिशव्या भरून मीही गेलो होतो वाटायला. दार उघडलं की समोरच्याला काय बोलावं सुचत नाही. मलाही सुचत नाही. तिसऱ्या दाराशी न जाताच परत आलो."

"म्हणून केकवर."

"म्हटलं, कुणाच्या तरी तोंडात जाऊ दे. फेकवेना माझ्याच्याने. एकेक निवडून, सगळ्यांत टपोरं काढून ठेवायचो. त्या टरफलाचा तुकडा कसा राहिला कोण जाणे. डोळे भरून येतात कधी कधी, तेव्हा राहिला असेल."

"आणि बुरशी, काका? अक्रोड वाळवावा लागतो, माहीत नव्हतं तुम्हाला?"

त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "वरच्या खोलीत ती चादरी पसरायची. रोज सकाळी जाऊन वर-खाली करायची, खिडक्या उघड्या टाकायची. मी ओरडायचो, हा काय पसारा मांडलायस म्हणून. ते वाळवणं होतं हे मला काल तुम्ही येऊन गेल्यावर कळलं, बुरशी मधेच धरलीय हे बघून." ते स्वतःशीच हसल्यासारखे झाले. "जन्मभर अक्रोड हाताळले हो मी. पण खोक्यातून आलेले."

मला ते तिथेच सोडून उठून जावंसं वाटत होतं. पण उद्या सोमवार होता.

"काका, ज्या खोक्यातून तुमच्याकडे माल आला, त्यावर एका बाईचा शिक्का आहे. टरफल तिच्या हातून गेलं असं ठरलंय. उद्या तिला काढणार आहेत. तिलाही घरी कुणी नाही."

ते ताडकन उठले. मांडीवरची टरफलं जमिनीवर सांडली.

"तिचा काय संबंध? मला वाटलं, फार तर मालक मला बोलेल." ते दाराशी चपला शोधू लागले. "चला, मालकाकडे जाऊ."

"तुमचं काम जाईल."

"जाऊ दे."

"मग दिवसभर घरी काय कराल?"

त्यांनी त्या बादल्यांकडे आणि पातेल्यांकडे बघितलं. चपला सापडल्या तशा ते खुंटीवरची पिशवी घेऊन फाटकापर्यंत पुढे गेले आणि एकदम थांबले. माझ्याकडे न बघता त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर माझ्या कुठल्याच रिपोर्टात मावणारं नव्हतं.

७

"चवीबद्दल कुणी काही बोललं का हो?"

मला आयुष्यात खोटं कधी नीट जमलेलं नाही. त्या दिवशी ते बोलायची गरज पडली नाही, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

"शिक्षिकाबाई बोलल्या," मी म्हणाले. "त्यांचा वाढदिवस होता. एकट्याच होत्या. तो मधला घास त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. दुधासारखा गोड लागला म्हणाल्या, कितीतरी वर्षांत असं काही खाल्लं नव्हतं. थुंकावा लागला म्हणून रडल्या."

काकांनी फाटकाचा गज धरला.

"हे तिला सांगायला हवं होतं," ते म्हणाले, आणि मग तिथेच उभे राहून मोकळेपणाने रडले. मी बाजूला उभी होते. अशा वेळी काय करायचं असतं ते मला येत नाही. मी त्यांची पिशवी धरून ठेवली.

मालकाने काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणाला. शांतपणे म्हणाला, ते जास्त लागलं. स्टोअरकीपरचं खोकंही मी त्याच बैठकीत बाहेर काढलं, नाहीतर तोच एकटा पेढे वाटत फिरला असता. सोमवारी सकाळी मी कारखान्यात कागद दिला. त्यावर माझी सही होती आणि टरफल इथून गेलं नाही असं लिहिलं होतं. सुपरवायझरने तो दोनदा वाचला. यंत्राचं चित्र त्याच्या मागे होतं तिथेच होतं. मावशींचं स्टूल या खेपेला वाचलं, पुढच्या खेपेचं मला सांगता येत नाही.

मी पट्ट्यापाशी गेले आणि कड्या परत केल्या.

"कुणाचं होतं?" मावशींनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, त्या दुधासारख्या घासासकट. मावशींचे हात चालत होते.

"वाळवले नाहीत होय," त्या म्हणाल्या. "आता उरलेल्यांचं काय करणार तो माणूस?"

मला त्याचं उत्तर येत होतं, कारण उरलेल्यांतले थोडे माझ्या घरी होते. रविवारी निघताना काकांनी गाडीत दोन पिशव्या ठेवल्या आणि मी नको म्हटलं नाही. एक चादर टेबलावर पसरली, एक पलंगाच्या रिकाम्या बाजूला. बाकीचे काकांनी वरच्या खोलीत पसरलेत. रोज सकाळी ते मला फोन करतात, वर-खाली केले का विचारायला. मी म्हणते केले, तुम्ही केले का? ते म्हणतात केले. मग आम्ही फोन ठेवतो. नाव घेऊन कुणी मला सकाळी उठवायचं ही गोष्ट मी विसरूनच गेले होते.

काल एक अक्रोड शिवणीवर सुरी लावून उघडला आणि अर्धुक मोडून बघितलं. ते वाकलं. अजून थोडे दिवस लागतील.

वाळले की काकांना, मावशींना आणि शिक्षिकाबाईंना एका रविवारी बोलवावं असं मनात आहे. शिक्षिकाबाईंना बारीक कुटून देता येईल. मी अजून कुणाला विचारलेलं नाही, आणि विचारायची भीतीही वाटते. पण आज ऑफिसातून येताना फर्निचरच्या दुकानात शिरले आणि तीन खुर्च्या घरी पाठवा म्हणून सांगून आले.